अकरा नंबरची हाक

त्या दिवशी मी एक पेन ड्राइव्ह भरून आणायला म्हणून घरातून निघाले होते, बाकी काही नाही. पर्समध्ये चष्मा, पाण्याची बाटली आणि नखाएवढा तो पेन ड्राइव्ह. टळटळीत दुपार, रस्त्यावर माणसंच माणसं. असल्या गोष्टी घडायची ही वेळ नव्हे, आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नव्हे. एकतीस वर्षं बातमीदारी केली आहे. शवागाराच्या पायरीवर बसून डबा खाल्ला आहे. तेव्हा जरा जवळ सरकून ऐका, पण मला भीती किती वाटली हे विचारू नका. मला किळस आली. ती अजून गेलेली नाही.

माझी धाकटी बहीण एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये कामाला होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, पन्नाशी आली तरी. तळघरातली एक लांबलचक खोली, पंचवीस टेबलं, पंचवीस संगणक. जुने केसपेपर वाचायचे आणि त्यातला मजकूर टाइप करायचा. रोग्यांची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीने मोबाइल जिन्याच्या वरच्या टोकाला, रखवालदाराजवळच्या लोखंडी कपाटात ठेवून खाली उतरायचं, असा नियम. खोलीत एक इंटरकॉम होता. तो दोन महिने बंद होता. तक्रार दिलेली होती. तक्रारीवर सही-शिक्का होता. इंटरकॉम तेवढा बंद होता.

एका शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला रखवालदाराने त्या खोलीच्या लोखंडी दाराला बाहेरून कुलूप घातलं. त्याने जिन्यातून "कोणी आहे का?" अशी हाक मारली होती, उत्तर आलं नाही; कपाटात एक मोबाइल उरला आहे हे त्याने पाहिलं नाही. पुढे शनिवार, रविवार, सोमवारची जोडून सुट्टी. घरी धाकटी एकटीच राहायची, मुलगी परगावी शिकायला. मंगळवारी सकाळी दार उघडलं तेव्हा धाकटी अकरा नंबरच्या टेबलाशी, खुर्चीत होती. उन्हाळ्याचे दिवस, हवा खेळायला जागा नाही, त्यात तिला दमा. मी तिला पाहिलं आहे. ते वर्णन मी करणार नाही.

अधीक्षकांनी माझ्या भाचीला चहा पाजून सांगितलं, की आई एका क्षणात गेली, शुक्रवारीच गेली, म्हणूनच तर हाकेला ओ दिली नाही. जिवंत असती तर बोलली नसती का? कागदोपत्रीही तेच लिहिलं, आणि लिहिणारे डॉक्टर त्यांच्याच पगारावरचे. टेबलावरचे कागद मागितले तर म्हणाले, खराब झाले होते, पिवळ्या पिशवीत भरून भट्टीत जाळले. त्या कागदांत काय होतं हे कोणी वाचलं का, असं मी विचारलं. त्यांनी रुमाल नाकाला लावला. जणू वास माझ्या प्रश्नाला येत होता.

भाची रडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मावशी, मला फक्त ती कधी गेली ते खरं कळू दे."

तीन आठवडे मी दारं ठोठावली. मग एका सकाळी पेंग्विनचा फोन आला.

पेंग्विन म्हणजे तिथला संगणक सांभाळणारा माणूस. चाळिशीचा, पोट सुटलेला, पाय फाकवून डुलत चालणारा. त्याच्या लॅपटॉपवर पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं होतं, म्हणून बायकांनी ठेवलेलं नाव. धाकटी त्याच्या नकला फार छान करायची. त्या खोलीतल्या एकाही संगणकाला स्वतःची डिस्क नव्हती. सगळं एका सर्व्हरवर, आणि तो सर्व्हर कोपऱ्यातल्या कुलूपबंद कपाटात. यंत्राचं बटण दाबलं की यंत्र कोरं असतं, त्याला स्वतःचं नावही ठाऊक नसतं. ते तारेवरून विचारतं, कोणी आहे का? सर्व्हर म्हणतो, आहे, तू अमुक नंबर, ही घे तुझी प्रत. मग धुतलेल्या पाटीसारखी ताजी प्रणाली त्यात उतरते. बंद केलं की सगळं पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं. ही सगळी रचना पेंग्विनने मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली होती. अधीक्षक त्याला फुकटातलं म्हणायचे आणि हा दर वेळी चिडून सांगायचा, "फुकट नाही साहेब, मुक्त." धाकटी हे सांगायची तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसायचो. ती म्हणायची, ताई, आमच्याकडे माणसांनी हाक मारली तर कोणी ओ देत नाही, पण या संगणकांच्या डब्यांनी मारली तर लगेच.

फोनवर पेंग्विन म्हणाला, सर्व्हरवर प्रत्येक हाकेची नोंद राहते. कुठला नंबर कधी सुरू झाला, तारीख, वेळ, सगळं. संगणकांचं काम आता एका नव्या कंपनीला दिलंय, आज तीन वाजता तिची माणसं येऊन सर्व्हर पुसणार आहेत, त्याआधी या. मी म्हटलं, तूच उतरवून आणून दे की.  तो म्हणाला, "एकट्यानं तिथं बसवत नाही, मॅडम."

मी एक वाजता पोहोचले. रेकॉर्ड रूमच्या बायकांना त्या दिवशी वरच्या हॉलमध्ये बसवलं होतं. पेंग्विनने मला नव्या कंपनीची बाई म्हणून आत घेतलं. रखवालदाराने मान वर न करता माझा मोबाइल घेतला आणि कपाटात टाकला. पेंग्विनचाही. आम्ही खाली उतरलो.

तीन आठवडे त्या खोलीवर फिनेल ओतलं होतं आणि त्यावर लिंबाच्या वासाचा फवारा मारला होता. पण त्या दोन्हींच्या खाली तिसरा वास होता. गोडसर, जाड, जिभेवर बसणारा. अकरा नंबरचं टेबल रिकामं होतं, वर एक तार लोंबत होती. खाली नवं पायपुसणं. मी बुटाच्या टोकाने ते सरकवलं आणि परत होतं तसं केलं. खुर्ची कुठे आहे विचारलं, तर पेंग्विनने नुसती हनुवटी हलवली. खुर्ची चार नंबरला होती. वर नवं कव्हर घातलेलं. तीन आठवडे कोणीतरी बाई त्या खुर्चीवर बसून, मांडीवर डबा ठेवून जेवत होती आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं. कीबोर्ड स्पिरिटने पुसून सतरा नंबरला लावला होता. त्याच्या फटींमध्ये तपकिरी काहीतरी वाळलं होतं. "चालू होता म्हणून ठेवला," पेंग्विन पुटपुटला. "वरून आदेश होता, की चालू सामान टाकायचं नाही."

माणसं अशी असतात हे मला माहीत आहे. एकतीस वर्षं त्यावरच पोट भरलं.

त्याने कपाट उघडलं. आत सर्व्हरचा पंखा घरघरत होता, हिरवे दिवे लुकलुकत होते. छोट्या पडद्यावर त्याने नोंदी काढल्या. शुक्रवार, संध्याकाळी पाच बावन्न. अकरा नंबर सुरू. लगेच पुन्हा, अकरा नंबर सुरू. पुन्हा. मग पस्तीस मिनिटं काही नाही. मग पुन्हा तीनदा. असं पानामागून पान. मी चष्मा पुसला आणि बोट लावून वाचत गेले. शुक्रवारची रात्र, शनिवारची सकाळ, शनिवारची दुपार. तीनदा, आणि थांबून तीनदा. रविवारी पहाटे अंतरं तासातासाची झाली होती. शेवटची नोंद रविवारी दुपारी एक चाळीसची. ती एकच होती. तीनातल्या दोन राहून गेल्या होत्या.

एकूण दोनशे अकरा.

तिचं सगळं लिहिलेलं त्या डब्यात पुसलं जात होतं आणि तिला ते माहीत होतं. न पुसली जाणारी एकच गोष्ट तिथे होती, तीही तिला माहीत होती. यंत्राने मारलेली हाक. म्हणून ती चव्वेचाळीस तास बटण दाबत बसली. आणि साडेपाचच्या हाकेला ओ का दिली नाही? कारण खोलीच्या टोकाला बायकांचं स्वच्छतागृह आहे, त्याचं दार जाड आहे आणि आतला पंखा ट्रकसारखा वाजतो. एवढं साधं.

"हे तुला कधी कळलं?" मी विचारलं.

मी त्याच्याकडे पाहत राहिले. ही युक्ती जुनी आहे, आपण गप्प बसलो की समोरचा भरून टाकतो. शेवटी त्याने भरलं. कुठलंही यंत्र सुरू झालं की त्याच्या मोबाइलवर संदेश जायचा, त्यानेच केलेली सोय. शुक्रवारी संध्याकाळी तो बायकोबरोबर खरेदीला गेला होता. मोबाइल सारखा वाजायला लागला. त्याला वाटलं, अकरा नंबरचं बटण आत अडकलं असणार, तो डबा जुनाच होता. शनिवारी त्याने अधीक्षकांना फोन करून विचारलं, कोणाला बघायला पाठवू का? ते म्हणाले, सुट्टी आहे, मंगळवारी बघा, दार उघडायला माणूस कुठून आणू? मग याने त्या संदेशांचा आवाज बंद केला.

"आवाज बंद केला," मी म्हटलं.

"मॅडम, मला काय माहीत..."

मी त्याच्या तोंडावर थुंकले असते. थुंकले नाही, कारण मलाही एक गोष्ट माहीत होती, जी मी भाचीला सांगितलेली नव्हती. त्या शनिवारी मी धाकटीला फोन केला होता. आदल्या आठवड्यात आमचं भांडण झालं होतं. तिने उचलला नाही. मला वाटलं, रुसली आहे, बसू दे रुसून. तो फोन जिन्याच्या टोकाला लोखंडी कपाटात वाजत होता. मी पुन्हा केला नाही.

पेन ड्राइव्ह लावला. नोंदी उतरल्या. उद्या हा माणूस पलटला तर हाताशी आणखी काही असावं म्हणून मी त्याला म्हटलं, तुला जे संदेश येतात ते माझ्या नंबरवरही येऊ देत, आत्ता, माझ्यासमोर. त्याने मुकाट्याने माझा नंबर सर्व्हरमध्ये घातला. मग म्हणाला, "अजून खाली बघा."

मी खाली पाहिलं. रविवारच्या त्या एकट्या नोंदीनंतर मंगळवारपर्यंत काही नव्हतं. मंगळवारी अकरा नंबरचं यंत्र उचललं गेलं. आणि बुधवारी, दुपारी एक चाळीस. अकरा नंबर सुरू. अकरा नंबर सुरू. दोनदा. गुरुवारी तसंच, शुक्रवारीही. तीन आठवडे, रोज, त्याच मिनिटाला, दोनदा. राहिलेल्या दोन.

"यंत्र दुसरीकडे कुठे लावलं असेल," मी म्हटलं.

त्याने कपाटाचा खालचा कप्पा ओढला. आत एक डबा होता, झाकण काढलेला. विजेची पेटी काढून घेतलेली, आतल्या पट्ट्या उपसलेल्या. पुढच्या जाळीवर काहीतरी ओघळून वाळलं होतं आणि त्यात एक माशी चिकटलेली होती, पंख पसरून. मेलेल्या घुशीचं पोट फाडून ठेवावं तसं ते दिसत होतं. "हा अकरा," तो म्हणाला. "माझ्याच हातानं सोडवलाय. यात आता वीज जायला वाटच नाही."

मी घड्याळ पाहिलं. एक एकोणचाळीस.

तुम्हाला वाटेल, मी तेव्हा निघायला हवं होतं. पण बातमीदार माणूस पुरावा पाहिल्याशिवाय जागचा हलत नाही, या खोडीने मी कितीदा तोंडावर आपटले आहे. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत उभे राहिलो. पंख्याचा आवाज तेवढा. मग ओळ उमटली. अकरा नंबर सुरू. आणि तिच्याखाली दुसरी.

त्यानंतर जे झालं ते रोज होत नव्हतं, असं पेंग्विन पुढे शपथेवर सांगत होता. खोलीतले चोवीस संगणक एकदम जागे झाले. बटणाला कोणी हात लावला नव्हता. सर्व्हर तारेवरून यंत्रांना उठवू शकतो, ती सोय त्यात असते, पण त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं. चोवीस पंखे फिरायला लागले, आणि त्यांच्या जाळ्यांमधून तो वास बाहेर आला. फिनेल नाही, लिंबू नाही. फक्त तो. प्रत्येक डब्याने तीन आठवडे आत ओढून धरलेला श्वास एकदम सोडावा तसा. माझ्या दातांच्या फटींत तो शिरला. चोवीस पडद्यांवर एकच पांढरी ओळ होती.

पंचवीसपैकी चोवीस हजर. एकाची वाट पाहत आहे.

"सगळ्यांत एकदम प्रत भरायची असली की सर्व्हर असा थांबतो," पेंग्विन कुजबुजला. "सगळे जमेपर्यंत... पण मी काही सुरू केलेलं नाही... आणि पंचवीस कुठून..."

तेवढ्यात जिन्यातून रखवालदाराची हाक आली, जेवणाच्या सुट्टीत दार लावण्याआधीची, रोजच्या सवयीची, अर्धी जांभईत बुडालेली. "कोणी आहे का?"

मी तोंड उघडलं. भर सभेत मंत्र्यांवर ओरडलेली बाई मी, माझा आवाज साऱ्या गावाला माहीत. तोंड उघडलं आणि तो वास घशात उतरला, दाट, साय घशात अडकावी तसा, आणि आवाज त्याच्याखालीच राहिला. उमासा आला. मी गुडघ्यांवर बसले आणि ओकले. पेंग्विन दाराकडे धावला. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते, पण आवाज फुटत नव्हता. बाहेरून दार लागलं. कडी सरकली. कुलपाचा खटका वाजला.

आम्ही दार बडवलं. आतून ते दार बडवलं की आवाज भिंतीत जातो, बाहेर जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर रंग खरवडलेला होता. तिथेही त्यांनी नवा रंग फासला होता, पण ओरखडे रंगाखालून दिसत होते. माझी मूठ नेमकी तिथेच पडत होती.

मागे वळून पाहिलं तेव्हा पडद्यांवरची ओळ बदललेली होती. पंचवीसपैकी पंचवीस हजर.

आणि पडदे विझले. पुन्हा लागले. विझले, लागले. तीनदा. मग काळोखात थांबून पुन्हा तीनदा. कोणी दिसलं नाही. पाऊल वाजलं नाही. फक्त त्या उजेडाच्या उघडझापीत अकरा नंबरच्या रिकाम्या टेबलावरची ती लोंबती तार ताठ होती, कोणीतरी धरून ठेवल्यासारखी. तेव्हा मला समजलं. तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं, की दार उघडलं. तिच्यासाठी ते अजून बंद होतं.

"धाकटे," मी म्हटलं. म्हणजे म्हणायला गेले. आवाज आला नाही.

किती वेळ गेला? वीस मिनिटं, असं नंतर कळलं. बाहेरून कुलूप निघालं आणि रखवालदार दारात उभा राहिला, चेहरा पांढराफटक. त्याच क्षणी पंखे थांबले. तो म्हणाला, कपाटात दोघांचे मोबाइल सारखे वाजताहेत, थांबेचनात, तीन-तीनदा वाजतात, म्हणून बघायला आलो. मग त्याने खोलीकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच बसला. "त्या दिवशी मी हाक मारली होती, बाई. देवाशपथ मारली होती."

"आणि नंतर पुन्हा?" मी विचारलं. आता आवाज फुटत होता.

त्याने हातातलं कुलूप खाली ठेवलं.

तीन वाजता नव्या कंपनीची माणसं आली आणि सर्व्हर पुसून घेऊन गेली. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. चौथ्या दिवशी आमच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सगळं छापलं, दोनशे अकरा नोंदी वेळेसकट, बारीक अक्षरांत, अर्धं पान भरून. अधीक्षकांची बदली झाली. शिक्षा नव्हे, बदली. आता ते दुसऱ्या कुठल्यातरी रुग्णालयात रुमाल नाकाला लावत असतील. पेंग्विनने नोकरी सोडली आणि मोबाइल नंबर बदलला.

भाचीने ते पान माझ्यासमोर बसून वाचलं. शेवटपर्यंत, बोट लावून, माझ्यासारखंच. मग विचारलं, "शनिवारी तू आईला फोन केला होतास ना?"

"केला होता."

"कितीदा?"

"एकदा," मी म्हटलं. तिने पानाची घडी घातली आणि बराच वेळ हात त्यावरून काढला नाही.

ती रेकॉर्ड रूम आता रिकामी आहे. मी स्वतः जाऊन पाहिली आहे. तारा उपटलेल्या, टेबलं हलवलेली, फरशी उखडून नवी घातलेली. सर्व्हर पुसला गेला, त्याला तीन महिने झाले. तरी रोज दुपारी एक चाळीसला माझा मोबाइल वाजतो. अकरा नंबर सुरू. अकरा नंबर सुरू. मोबाइल कंपनीला विचारलं, असा संदेश आमच्या यंत्रणेतून गेलेलाच नाही म्हणाले. लोक मला सांगतात, नंबर बदल, निदान आवाज तरी बंद कर. मी बंद करणार नाही. दर वेळी वाजला की मी हातातलं काम खाली ठेवते आणि मोठ्याने म्हणते, आहे, मी आहे. घरात कोणी असो, नसो.

काल दुपारी तसंच म्हटलं. मोबाइल खाली ठेवला. तो पुन्हा वाजला, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो कधीच वाजलेला नाही.

संदेश नवा होता.

दोनपैकी एक हजर. एकाची वाट पाहत आहे.